सर्व भार प्रभूवर, पत्ता खालीलप्रमाणे

बुधवारच्या गृहप्रार्थनेत कुणी ‘हे प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे’ असं म्हणालं की मी मिटल्या डोळ्यांनीच मांडी बदलतो. कारण यापुढचा पाव तास प्रभूला सगळं सांगण्यात जाणार, हे मलाही ठाऊक असतं. ‘तुला ठाऊक आहे, प्रभू, की आपल्या भगिनी परवा मोरीत घसरल्या. तुला हेही ठाऊक आहे की मोरीत शेवाळं होतं आणि घरमालकाला कितीदा सांगून झालं होतं. पाय डावा आहे. स्टँडच्या मागच्या दवाखान्यात ठेवलंय, दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडची खोली, भेटायची वेळ चार ते सहा. तिथे तू त्यांना भेट दे.’ म्हणजे बहुधा चार ते सहामध्येच.

सर्वज्ञ देवाला खोलीचा नंबर सांगण्याची ही रीत मला पूर्वी विचित्र वाटायची. आता कळतं की तो पत्ता देवासाठी नसतोच. तो सतरंजीवर बसलेल्यांसाठी असतो. उद्या कोणी डबा घेऊन जायचं झालं तर चुकामूक नको. शिवाय जी बातमी ओट्याशी उभं राहून सांगितली तर चहाडी ठरते, तीच डोळे मिटून सांगितली की मध्यस्थी होते. ‘प्रभू, त्या घरच्या धाकट्या सुनेला सुबुद्धी दे’ एवढं म्हणून प्रार्थना करणाऱ्याने क्षणभर थांबावं. त्या क्षणी खोलीत जी शांतता पसरते ती उपासनेतही पाहायला मिळत नाही. त्यानंतरचं ‘आमेन’ही नेहमीपेक्षा दणदणीत येतं.

पण माझं कुतूहल वेगळं आहे. आम्ही ‘सर्व भार तुझ्यावर टाकतो’ असं म्हणतो, आणि लगेच टाकलेला भार कुठून धरायचा, कसा उचलायचा, कुठे नेऊन ठेवायचा, याच्या सूचना सुरू करतो. डॉक्टरांच्या हाताला यश दे. टाके कमी पडू दे. भूल फार वेळ राहू देऊ नकोस, मागच्या वेळी उलट्या झाल्या होत्या. बिलाचंही तूच बघ. असं सगळं नीट समजावून झालं की शेवटी, ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ सगळा बेत ठरवून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्याला ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात ना, तसं.

नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन आमच्या समाजात भिंतीभिंतीवर आहे. देवावर पूर्ण मनाने भरवसा ठेव, स्वतःच्या अकलेवर विसंबू नकोस, असा त्याचा आशय. लग्नात हे वचन हमखास भेट मिळतं, बहुतेक वेळा घड्याळावर छापलेलं. एकाच लग्नात अशी चार घड्याळं आलेली मी पाहिली आहेत. नवं जोडपं मोडवत नाही म्हणून चारही लावतं. मग भरवसा एकच आणि वेळा चार. त्यातलं एक घड्याळ दाराच्या वर असतं. दाराला कडी, कडीला कुलूप, आतून साखळी, बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर आणि बघायला भोक. वचनातल्या पहिल्या अर्ध्या भागाचं पालन घड्याळ करतं, दुसऱ्या अर्ध्याचं काय ते कुलूप बघतं.

यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. गंमत अशी की मोठ्या गोष्टींत आमची खरोखरच शंका नसते. मेल्यावर कुठे जाणार, हे आमच्या मंडळीतली ऐंशीची आजी इतक्या खात्रीने सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, सामान पुढे पाठवलंय. पण त्याच आजीला उद्याच्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये खालचा बर्थ मिळेल की नाही, या काळजीने रात्रभर झोप नसते. अनंतकाळचं जीवन कन्फर्म, नगर ते नागपूर वेटिंग. आत्मा सोपवणं सोपं असावं. तो कधी हातात घेऊन पाहिलेला नसतो. गॅसचा रेग्युलेटर मात्र रोज हाताखालचा, म्हणून निघताना तो दोनदा बघायचा आणि फाटकापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा बघायला परत यायचं.

प्रत्येक मंडळीत एक तरी विमा एजंट असतो आणि का कोण जाणे, गायनमंडळात पुढे तोच असतो. उद्याची चिंता करू नका, आकाशातली पाखरं बघा, या विषयावर पाळकसाहेबांचं सुंदर प्रवचन झालं की तो दाराशी उभा राहून हस्तांदोलन करत विचारतो, ‘मग काका, त्या पेन्शन प्लॅनचं काय ठरलं?’ जुन्या पिढीतले काही भाविक विमा उतरवणं म्हणजे अविश्वास मानायचे. आता तो वाद उरला नाही, आणि एलआयसीचं बोधवाक्य पाहता उरायचं कारणही नाही. ते भगवद्गीतेतलं आहे. भक्ताच्या योगक्षेमाचा भार देव वाहतो, अशा अर्थाचं. म्हणजे आमचे काका डोंगरावरचं प्रवचन ऐकून बाहेर येतात आणि कुरुक्षेत्रावरच्या हमीवर सही करतात. हप्ता तेवढा स्वतःच्या खिशातून.

पावसाच्या प्रार्थनेला एकटीच छत्री घेऊन आलेल्या मुलीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऐकली नसेल तर तुम्ही ख्रिस्ती मंडळीत कधी आलाच नाहीत. ही गोष्ट आमच्या दुष्काळी भागात मात्र साफ पडते. इकडे मे महिन्यात छत्री उन्हासाठीच नेतात. त्यामुळे पावसाच्या प्रार्थनेला निम्मी मंडळी छत्री घेऊनच येते आणि कुणाचा विश्वास किती, हे मोजायचं साधनच उरत नाही.

खरं मोजमाप 31 डिसेंबरच्या रात्री होतं. वर्षाखेरीची उपासना बारापर्यंत चालते आणि मग वचनांची पेटी फिरते. छोट्या छोट्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक वचन. डोळे मिटून उचलायची, जे येईल ते देवाने तुम्हाला नव्या वर्षासाठी दिलेलं. तत्त्व अगदी शुद्ध. पण चिठ्ठी उचलताना बोटं तळापर्यंत जाऊन ढवळून येतात, ती का? वरच्या चिठ्ठीवर देवाची सत्ता चालत नाही की काय? मग उघडायची, वाचायची आणि शेजारच्याची बघायची. त्याला आशीर्वादांच्या वर्षावाचं वचन आलेलं असतं आणि आपल्याला धीर धरण्याचं. परदेशी व्हिसाची वाट पाहणाऱ्या एका तरुणाला ‘स्तब्ध उभे राहा’ या अर्थाचं वचन आलं, तेव्हा त्याच्या आईने शांतपणे चिठ्ठी पेटीत परत टाकली आणि म्हणाली, ‘नीट प्रार्थना करून काढली नव्हतीस. आता काढ.’ दुसऱ्या वेळी सीमा विस्तारण्याचं निघालं. ते मात्र देवाकडून आहे याबद्दल त्या माउलीला तिळमात्र शंका नव्हती.

पेटी भरणाराही काही कमी नसतो. एवढं मोठं पवित्र शास्त्र, त्यात आमोस आहे, यिर्मया आहे, विलापगीत आहे. पण त्यांतल्या धमकीची एकही चिठ्ठी पेटीत कधी सापडत नाही. आलेल्या माणसाला नव्या वर्षाच्या पहिल्या मिनिटाला ‘तुझ्या सणांचा मला तिटकारा आहे’ अशा अर्थाचं वचन हातात देणं बरंही दिसलं नसतं. पुढे केक कापायचा असतो.

आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांची व्यवस्था जरा सुटसुटीत आहे. तिथे खात्यांची वाटणी आहे. हरवलेल्या वस्तू संत अंतोनीकडे, अगदी हाताबाहेर गेलेली प्रकरणं संत ज्यूडकडे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला लोक विनंत्या लेखी देतात आणि काम झालं की आभाराचं पत्रही देतात. म्हणजे आवक-जावक चोख. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं आणि मेणाची घरं मिळतात. जे दुखतंय किंवा जे हवंय ते वाहायचं. मुंबईत घर मिळणं हे चमत्कारांच्याच यादीत मोडत असल्याने मेणाची घरं घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. आम्ही प्रोटेस्टंट या सगळ्याकडे पाहून मान हलवतो. आमचं थेट खातं, मध्ये कोणी नाही. मात्र कपाटाची किल्ली तासभर सापडली नाही की आमच्या घरातून वसईच्या मैत्रिणीला फोन जातो, ‘तुझ्या अंतोनीला सांग ना जरा.’ किल्ली सापडली की आभार थेट प्रभूचे.

याच्या अगदी उलट टोकाला पूर्ण मनाने भरवसा ठेवणारी माणसंही असतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. थोडी भीतीही आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण पाळकसाहेब आळशांवर वापरतात, पण माझा अनुभव असा की खाटल्यावर बसून मिळतं ते बहुधा घरातल्याच दुसऱ्या कोणीतरी आणून दिलेलं असतं. नारायण वामन टिळकांसारखा देवावर भार टाकणारा माणूस मराठी मुलखात क्वचित झाला असेल. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, त्यांना पर्वा नव्हती. पैसा हातात आला की गरजू दिसेपर्यंतच टिकायचा, आणि त्यांना गरजू फार लवकर दिसायचा. 1917 मध्ये तर मिशनची पगाराची नोकरी सोडून ते साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवायला मोकळे झाले. आता हे सगळं आपल्याला इतकं बारकाईने कशामुळे माहीत आहे? तर घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं म्हणून. टिळक देवावर विसंबले, हे खरंच. पण महिन्याच्या वीस तारखेनंतर देव ज्या हातांनी पीठ मळत होता ते कुणाचे होते, हे त्या पुस्तकाच्या पानापानांत दिसतं. आणि ते त्यांनी कुरकुर न करता, हसवत सांगितलं. मी असतो तर नवऱ्याच्या भक्तीवर इतक्या प्रेमाने लिहिलं नसतं.

एकाने पूर्ण मनाने भरवसा ठेवायचा असेल तर घरात दुसऱ्याने पूर्ण मनाने किराणा भरावा लागतो. आमच्या समाजातली घरं बघत आलो आहे. हे गणित सहसा चुकत नाही. ‘प्रभू पुरवील’ असं म्हणणारा बाहेरच्या खोलीत असतो, प्रभूने पुरवलेलं निवडणारी आतल्या.

दोन्ही एकाच माणसात असणं दुर्मीळ. केडगावला ते घडलं. पंडिता रमाबाईंच्या कामाला बोस्टनच्या मंडळाने 1887 मध्ये दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपत आली नेमक्या त्याच वेळी, 1896-97 च्या दुष्काळात, बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली घेऊन आल्या. व्यवहाराच्या पुस्तकात याला वेडेपणा म्हणतात. ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळणाऱ्या, पण कुणाही माणसाकडे पैसे न मागणाऱ्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र त्यांनी वाचलेलं होतं. म्यूलरची खुबी अशी की तो मागायचा फक्त देवाकडे, पण आलेल्या पै-पैचा हिशेब दर वर्षी छापायचा. रमाबाईही तशाच. विहिरी खणल्या, शेती केली, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना. ज्या मुलींना लोकांनी ओझं म्हणून टाकलं होतं त्या खिळे जुळवायला शिकल्या आणि बाईंनी स्वतः मराठीत आणलेलं बायबल तिथेच छापलं. ते 1924 मध्ये पुरं होऊन बाहेर पडलं. बाई 1922 मध्येच गेल्या होत्या. देव पाणी देईल यावर बाईंचा विश्वास पक्का होता. पण विहीर कुठे घ्यायची हे मजुरांना दाखवायला त्या उन्हात उभ्या राहत असणार, याबद्दल मला संशय नाही.

हे मी एकदा महिला मंडळाच्या सभेत बोलून दाखवलं. विषय अर्थातच मार्था आणि मरिया हा होता. महिला मंडळात पुरुष वक्त्याला बोलावलं की विषय बहुधा हाच निघतो. लूककृत शुभवर्तमान, दहावा अध्याय: येशू एका गावात त्यांच्या घरी आला, मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहिली, मार्था कामात गुंतली आणि वैतागली, आणि प्रभूने मार्थालाच समजावलं की तू फार दगदग करतेस. वक्ते यावर अर्धा तास बोलतात. बायकांनी मार्था होऊ नये, मरिया व्हावं. त्या अर्ध्या तासात मागच्या खोलीत चार जणी शंभर माणसांच्या चहाचं आधण ठेवून, समोशांची पातेली झाकून, कप मोजत उभ्या असतात. ‘मरिया व्हा’ हे वाक्य त्यांना भिंतीपलीकडून अर्धवट ऐकू येतं. प्रवचन संपलं आणि चहा आला नाही तर पहिला अस्वस्थ होणारा माणूस वक्ताच असतो.

मला सांगायचं होतं ते योहानाच्या अकराव्या अध्यायाबद्दल, कारण तिथली मार्था कुणी काढतच नाही. तिचा भाऊ लाजर मेला आहे. प्रभू उशिरा आला. मरिया घरात बसून आहे. मार्था उठून गावाबाहेर त्याला सामोरी जाते आणि तोंडावर सांगते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. हे तक्रारीचं वाक्य आहे. पण पुढे तीच म्हणते की तुम्हीच ख्रिस्त आहात, देवाचे पुत्र, यावर माझा विश्वास आहे. कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर जवळजवळ हेच शब्द पेत्र बोलला तेव्हा त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मिळाल्या. मार्था बोलली, तिला पुन्हा स्वयंपाकघर.

आणि त्यानंतर जे घडतं त्यावर माझा विशेष जीव आहे. सगळे कबरेपाशी येतात. प्रभू म्हणतो, धोंड बाजूला करा. एवढी मोठी कबुली नुकतीच दिलेली ही बाई म्हणते, प्रभू, चार दिवस झालेत, आता वास येईल. पुनरुत्थानाच्या उंबरठ्यावर हिला वासाची काळजी! शंका होती म्हणून ती असं बोलली, असं टीकाकार म्हणतात. मला वाटत नाही. आमच्या घरातली कुठलीही काकू हेच म्हणाली असती, आणि विश्वास पूर्ण असूनही म्हणाली असती. लोक जमलेत, पाहुणे यरुशलेमहून आलेत, तोंड उघडायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं ना?

पेत्राच्या बाबतीतही असंच आहे. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय. हेरोदाने त्याला तुरुंगात टाकलं, पहारा चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा. इकडे योहान मार्काच्या आईच्या घरी सगळी मंडळी रात्रभर त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना करते आहे. देवदूत पेत्राला बाहेर काढतो, तो त्याच घराचं दार ठोठावतो. रुदा नावाची मोलकरीण आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते: पेत्र आलाय! आतले प्रार्थनावीर काय म्हणतात? तुला वेड लागलंय. ती हट्टाने सांगते तेव्हा म्हणतात, तो नव्हे, त्याचा देवदूत असेल. म्हणजे देवदूत दारात उभा आहे हे पटतं, पण आपण मागितलेला माणूस उभा आहे हे पटत नाही. पेत्र बिचारा ठोठावतोच आहे. नंतर दार उघडलं तेव्हा सगळे थक्क झाले, असं लूक प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. आमच्या बुधवारच्या सभेत प्रार्थना करत असता दाराची बेल वाजली तर सगळ्यांच्या मनात पहिलं हेच येतं की वर्गणीवाला असेल. ही परंपरा पहिल्या शतकापासून चालत आलेली आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आणि त्या घरातही दाराशी धावली ती रुदाच, कामवाली.

महिला मंडळात मी एवढं सगळं बोललो. शेवटी मागच्या खोलीच्या दारात पदराला हात पुसत एक काकू येऊन उभ्या होत्या. ‘भाऊ, छान सांगितलंत,’ त्या म्हणाल्या, ‘पण चहा निवतोय.’

लाजर जिवंत झाल्यावर पुढे काय झालं, ते योहानाच्या बाराव्या अध्यायात आहे. बेथानीत त्यांनी प्रभूसाठी मेजवानी केली. लाजर पंगतीला बसला होता. मार्था वाढत होती. या वेळी तिला कोणी काही बोललं नाही. मेलेला माणूस पंगतीत बसलेला असताना वाढणाऱ्याला उपदेश करायची हिंमत कुणाची होणार! पंगतीला किती जण होते, हे योहानाने लिहिलेलं नाही. मार्थाला विचारलं असतं तर तिने भाकरींवरून बरोबर सांगितलं असतं.